गुण्या उलटा करून बघा

– तृतीय वर्ष, सिव्हिल

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कॉलेजच्या बसमध्ये दोन्हीची भेळ! त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने पोटात घाला. खरं तर माझं मराठी कच्चं असल्यामुळेच हा लेख सुचला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या घरी लादीचं काम चालू होतं. काका म्हणाले, "बाय, तो गुण्या दे बघू." मी अंगणात जाऊन पाहिलं. तिथे कोणीच मुलगा नव्हता! परत येऊन सांगितलं, "काका, गुण्या गेला वाटतं." घरातले सगळे मला आजही त्यावरून चिडवतात. ज्यांना माझ्यासारखंच माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. आपण ड्रॉइंगच्या तासाला जो सेट स्क्वेअर वापरतो, त्याचा थोरला भाऊ.

तर आजचा विषय आहे, मोठ्या लादीला बरोब्बर काटकोनात कट कसा मारायचा. विषय साधा वाटतो ना? मलाही वाटला होता.

आमच्या हॉलची गोष्ट

आमचं घर रसायनीत, मोहोपाड्याच्या बाजूला. आजीच्या वेळी जमीन शेणाने सारवलेली होती, मग कोबा आला, मग शहाबादी. गेल्या वर्षी बाबांनी ठरवलं की हॉलमध्ये दोन बाय चारची व्हिट्रिफाइड लादी टाकायची. काका तीस वर्षं लादी मिस्त्री. खोपोलीपासून पनवेलपर्यंत किती घरांत त्यांनी लादी बसवली असेल याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. पण अलीकडे त्यांना जिना चढताना धाप लागते. छातीच्या डॉक्टरांनी लादीच्या धुळीपासून लांब राहायला बजावून सांगितलं आहे. म्हणून काका खुर्चीत बसून सूचना देणार आणि त्यांचे दोन गडी काम करणार, असं ठरलं.

अख्ख्या लाद्या छान बसल्या. राहिली फक्त मागच्या भिंतीलगतची एक रांग. सहा तुकडे, प्रत्येकी साधारण १४ इंचांचे. नेमके त्याच वेळी गडी दुसऱ्या साइटवर गेले, कारण गणपतीच्या आधी सगळ्यांनाच घाई असते. आमचा गणपती नऊ दिवसांवर आलेला. काका म्हणाले, "सहा तर तुकडे हायेत, मीच कापतो." आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कटरला हात लावायचा नाही." मग मी मध्ये पडले. "मी कापते. टीई सिव्हिलला आहे मी!"

घरात पाच लाद्या शिल्लक होत्या आणि दुकानात त्या बॅचचा माल संपलेला. लादीच्या खोक्यावर बॅच आणि शेड छापलेली असते. एकाच डिझाइनच्या दोन बॅच शेजारी ठेवल्या तर रंगातला फरक डोळ्यांना चटकन दिसतो. एका लादीतून दोन तुकडे निघतात, म्हणजे तीन लाद्या पुरे होत्या. दोन जादा. त्या दोन्ही जादा लाद्या मी पहिल्या तासाभरातच वाया घालवल्या.

पहिल्या लादीवर मी माझ्या प्लॅस्टिकच्या सेट स्क्वेअरने खूण केली आणि तीच रेघ पट्टीने पुढे वाढवली. तुकडा जागेवर ठेवला तर एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला ३ मिलिमीटर लांब! दुसऱ्या लादीवर रेघ नीट उमटली नाही असं वाटून मी कटरचं चाक तीनदा फिरवलं. लादी तुटली, पण शेवटच्या दोन इंचांत वाकडी होऊन कोपरा घेऊन गेली.

आता तीन लाद्या आणि सहा तुकडे. एकही चूक चालणार नव्हती. काका खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "थांब आता. आधी हत्याराला इचार, मग लादीला हात लाव."

पुढे जे लिहिते आहे ते काकांनी शिकवलेलं आहे. आकडेमोड तेवढी माझी.

एवढासा फरक कुठे जातो?

काका सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. आपण मिलिमीटरवाले. पण दोघांचं दुखणं एकच आहे: कोनातली चूक लांबीबरोबर वाढत जाते.

माझ्या सेट स्क्वेअरची बाजू साधारण २०० मिलिमीटर. तेवढ्या लांबीत खूण करताना फक्त १ मिलिमीटरची गफलत झाली असेल. डोळ्यांना ती दिसत नाही. पण तीच रेघ ६०० मिलिमीटरपर्यंत वाढवली की चूक तिप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर. कोनात सांगायचं तर ही चूक ०.३ अंशाच्याही आत आहे! अर्धा अंश चुकलं तर ६०० मिलिमीटरवर ५.२ मिलिमीटर आणि १२०० मिलिमीटरवर साडेदहा मिलिमीटर फरक पडतो. दोन लाद्यांमधली फट आपण २ मिलिमीटरची ठेवतो. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक लपवायला जागाच नाही.

पूर्वीच्या लहान लाद्यांमध्ये हे खपून जायचं. ८ इंची लादीवर अर्धा अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. लादी मोठी झाली तशी माफी कमी झाली. मोठी लादी महाग असते, ती फुकट गेली तर जास्त लागतं, ते वेगळंच.

उलटवून बघण्याचं तत्त्व

गुण्या बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्या गुण्यावरून? मग तो दुसरा बरोबर कशावरून? काकांचं उत्तर एकदम सोपं होतं. त्यांनी एक अख्खी लादी जमिनीवर ठेवली. गुण्याची जाड बाजू लादीच्या कडेला टेकवली आणि दुसऱ्या बाजूने रेघ मारली. मग गुण्या पालथा केला, त्याच कडेला, त्याच बिंदूपाशी टेकवला आणि दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्या वर जाऊन फाकल्या तर गुण्या खोटा, आणि दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. चूक एकदा उजवीकडे झुकते, एकदा डावीकडे, म्हणून दुप्पट.

हे बघून मला सर्व्हेचं प्रॅक्टिकल आठवलं. थिओडोलाइटवर आपण फेस लेफ्ट आणि फेस राइट अशी दोन रीडिंग घेतो आणि सरासरी काढतो. का घेतो, हे मी जर्नलमध्ये व्यवस्थित उतरवून काढलं होतं, सहीसुद्धा मिळाली होती. पण त्याचा अर्थ मला लादीवरच्या त्या दोन रेघांनी कळला. उपकरण उलटं केलं की त्याची स्वतःची चूक उलट्या बाजूला जाते आणि उघडी पडते. त्यासाठी दुसरं, जास्त महाग उपकरण लागत नाही. पाणसळसुद्धा अशीच तपासतात. एकदा ठेवून बुडबुडा बघायचा, मग तिथेच टोकं बदलून ठेवायची. बुडबुडा त्याच जागी आला तर पाणसळ खरी.

कटरही असाच तपासायचा. फुटलेल्या लादीचा सरळ कडा असलेला तुकडा घ्या, कटरच्या आडव्या पट्टीला टेकवून कापा. दोन्ही अर्धे एका सरळ पट्टीला लावून शेजारी ठेवा. आता त्यातला एक अर्धा पालथा करा, म्हणजे त्याची वरची कड खालच्या पट्टीला येईल. कापलेल्या कडा एकमेकींना चिकटवून बघा. पूर्ण लांबीत चिकटल्या तर कटरची पट्टी काटकोनात आहे. एका टोकाला फट राहिली तर त्या फटीची निम्मी ही कटरची चूक. आमच्या कटरला फट सव्वा मिलिमीटरच्या आसपास होती. कारण शोधलं तर पट्टीच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक सुकलेला कण अडकलेला! तो खरवडून काढला, पुन्हा कापलं, फट गेली. कटर तर तोच होता ज्यावर मी दोन लाद्या घालवल्या होत्या.

शेवटी लादी स्वतः. लादीचे दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय १२०० च्या लादीचा कर्ण १३४१.६ मिलिमीटर भरतो, ६०० बाय ६०० चा ८४८.५. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तर लादी काटकोनात. कारखान्यात कडा घासून एकसारख्या केलेल्या लाद्या बहुतेक बरोबरच असतात, पण खोक्यातून एक-दोन तपासायला काय जातं?

हॉलची मुख्य रेषा आखताना काका दोरीने तीन-चार-पाच करतात. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि तिरकं अंतर ५ फूट आलं की काटकोन. मोठ्या हॉलमध्ये ६-८-१० घेतात, कारण त्रिकोण जेवढा मोठा तेवढी चूक लहान. आपल्याकडच्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम सांगितलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरी! पायथागोरसचं प्रमेय मी आठवीत पाठ केलं होतं. ते दोरीने जमिनीवर आखलेलं मी पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये पाहिलं.

खूण करताना

दोन बाय चार हे नुसतं म्हणायला. लादी असते ६०० बाय १२०० मिलिमीटर, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६. हा फरक विसरलात तर गणित चुकतं. समजा खोली बरोबर १२ फूट, म्हणजे ३६५७.६ मिलिमीटर रुंद आहे. "दोन फुटी सहा लाद्या बसतील" असं धरून एका भिंतीपासून सुरुवात केली तर सहा लाद्यांचे ३६०० मिलिमीटर आणि फटी जाऊन शेवटी पावणेदोन इंचांच्या आतली एक चिंचोळी पट्टी उरते. ती कापायला कठीण, तुटायला सोपी आणि दिसायला वाईट. त्याऐवजी मधोमध पाच अख्ख्या लाद्या धरल्या तर दोन्ही भिंतींशी साधारण ३१८ मिलिमीटरचे, म्हणजे अर्ध्या लादीहून थोडे मोठे तुकडे येतात. यात जादा लाद्या जातात हे खरं, म्हणून घरमालकाला आधी विचारावं. पण पहिली लादी चिकटवण्याआधी कागदावर हे गणित करायलाच हवं.

आता प्रत्यक्ष खूण. काकांचे नियम असे:

१. एकाच टेपने सगळं मोजा. टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो. तो बिघाड नसतो, आतून आणि बाहेरून मोजताना आकड्याची जाडी जमेला यावी म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. पण वाकलेला असेल तर फसवतो. शंका आली तर १०० मिलिमीटरच्या रेषेपासून मोजायला सुरुवात करा आणि शेवटी १०० वजा करा. वजा करायला मात्र विसरू नका!

२. प्रत्येक तुकड्याची जागा दोन्ही टोकांना मोजा. एकदाच मोजून सहा तुकडे कापायचे नाहीत.

३. खूण म्हणून टिंब काढू नका, बाण काढा. बाणाचं टोक म्हणजे माप. बारीक टोकाचा मार्कर वापरा, जाड मार्करची रेघच दीड मिलिमीटरची असते.

४. फटीचे २ मिलिमीटर आणि भिंतीशी सोडायचे ५ मिलिमीटर मापातून वजा करा. भिंतीजवळची फट नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते.

५. लादीची कारखान्यातली कड सांध्याला आली पाहिजे आणि आपण कापलेली कड भिंतीला. म्हणून १२०० च्या लादीतून १४ इंचांचे तीन तुकडे निघत असले तरी चांगले दोनच, दोन टोकांचे. मधल्या तुकड्याच्या दोन्ही कडा आपल्या हातच्या होतात.

कापून झाल्यावर तुकडा तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच्या दोन बाजूंची लांबी मोजायची. कारखान्यातली कड काटकोनात आहेच, तेव्हा दोन्ही लांब्या सारख्या आल्या की आपला कट काटकोनात. अशा तुकड्याचे कर्ण मोजण्यात फारसा अर्थ नाही. आमच्या मापाच्या तुकड्यात कर्णांमधला फरक हा खऱ्या चुकीच्या साधारण निम्माच दिसतो, आणि चूक निसटते.

रेघ एकच मारायची

आता माझ्या दुसऱ्या लादीचं काय झालं ते सांगते. हँड कटर लादी कापत नाही. तो तिच्या चकचकीत थरावर कठीण धातूच्या बारीक चाकाने ओरखडा काढतो. लादी त्यानंतर मोडते, आणि ती कुठे मोडणार हे ओरखडा ठरवतो. स्पेनमधल्या रुबी गावच्या बोआदा बंधूंनी १९५१ साली असा कटर बनवला. आज आपल्याकडे मिस्त्रींच्या हातात जे कटर दिसतात त्यांचं तत्त्व तेच आहे.

ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून दाखवलं की ठिसूळ पदार्थ आपल्या हिशेबापेक्षा खूप कमी ताणाला तुटतात, कारण त्यांत आधीच बारीक भेगा असतात आणि ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. आपण ओरखडा काढतो म्हणजे आपल्या सोयीच्या जागी अशी भेग तयार करतो. मग लादीच्या खाली मधोमध उंचवटा आणि वरून दोन्ही बाजूंना दाब दिला की वरच्या थरावर ताण येतो, भेग खाली धावते आणि लादी दुभंगते. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समधला बेंडिंग मोमेंट हाच.

मी चाक तीनदा फिरवलं तेव्हा तीन ओरखडे झाले, आणि ते बरोबर एकावर एक आले नाहीत. भेगेला तीन रस्ते मिळाले. शेवटी शेवटी ती एक सोडून दुसऱ्यावर गेली. म्हणून रेघ एकच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारख्या दाबाने, मध्ये न थांबता. बारीक करकर असा एकसारखा आवाज आला पाहिजे. आवाज तुटला तर दाब तुटला. काका दुसऱ्या खोलीत चहा पीत बसलेले असले तरी आवाजावरून सांगतात, "मध्ये सोडलंस!"

दाब किती द्यायचा? वाटतो त्याच्यापेक्षा कमी. जास्त दाबलं तर कडेचे टवके उडतात. लादी कटरवर पूर्ण टेकलेली हवी, खाली एक कण नको. मोठी लादी कधी कधी मधोमध किंचित फुगलेली असते. अशा वेळी लांब बाजूंना फळीचा आधार द्या, नाहीतर ती डुगडुगते आणि रेघ हलते. तोडताना झटका नाही, हळूहळू वाढता दाब.

ग्राइंडर लागला तर

चिंचोळी पट्टी, एलचा कट किंवा कटरच्या लांबीबाहेरचा कट असेल तर डायमंड ब्लेड लावलेला ग्राइंडर लागतो. तो हाताने सरळ चालत नाही, कोणाच्याच नाही. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्पने लादीवर घट्ट बसवा आणि मशीनची बैठक तिला टेकवून चालवा. बैठकीच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचं अंतर आधी टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा. ब्लेड स्वतःच्या जाडीएवढी लादी खातं, म्हणून ते रेषेच्या टाकाऊ बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत फक्त दोन-तीन मिलिमीटर खोल खाच, मग पूर्ण खोल कट. शेवटच्या टोकाकडून दोन इंच आधीच उलट्या बाजूने कापून ठेवा, म्हणजे शेवटी टवका उडत नाही. आणि पडणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार हवा. अधांतरी राहिला तर कट पूर्ण होण्याआधीच तो स्वतःच्या वजनाने मोडतो.

दाराच्या चौकटीपाशी एलच्या आकाराचा कट लागतो. तिथे दोन कट एकमेकांना जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात आधी ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही कट त्या भोकापर्यंतच आणा. आतला कोपरा टोकदार राहिला तर ताण तिथे गोळा होतो आणि लादी कधीतरी तिथूनच तडकते. टोक जितकं अणकुचीदार तितका ताण जास्त, हे इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने १९१३ मध्ये गणिताने मांडलं होतं. काकांनी इंग्लिसचं नाव ऐकलेलं नाही, पण भोक ते तीस वर्षं पाडत आले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हिट्रिफाइड लादीत क्वार्ट्‌ज असतं, म्हणजेच सिलिका. कोरडी लादी ग्राइंडरने कापली की जो पांढरा धूर उठतो त्यात सिलिकाचे इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथे व्रण तयार करतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो झाल्यावर पूर्ण बरा करणारं औषध नाही, फक्त टाळता येतो. नाकाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क हवा, डोळ्यांना गॉगल हवा, आणि ब्लेडवर सतत पाणी हवं. पाण्याबरोबर वीज आली, म्हणून वायर जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय ओल्या कामाला मशीन लावू नका.

हँड कटरला मात्र धूळ जवळजवळ होतच नाही. ओरखडा काढला, मोडलं, संपलं. काकांना मी विचारलं, "मग तुम्ही सगळीकडे हाच का नाही वापरला?" ते म्हणाले, "गिरायकाला घाई, मुकादमाला घाई. मशीन पटकन होतं. आन तेव्हा धूळ म्हणजे काय, आंगाला लागते नि आंघोळीला जाते, असंच वाटायचं." यावर मला काही बोलता आलं नाही.

भिंतच तिरकी असेल तर?

आमच्या मागच्या भिंतीने शेवटी एक गंमत केलीच. एका टोकाला जागा १४ इंच आणि दुसऱ्या टोकाला साडेतेरा! म्हणजे सहा तुकड्यांत मिळून साधारण १२ मिलिमीटरचा फरक, तुकड्यामागे २. मी म्हटलं, आता प्रत्येक तुकडा तिरका कापावा लागणार. काका म्हणाले, "कशाला? काटकोनातच काप, पण एकेक तुकडा दोन मिलिमीटरने कमी करत ने." प्रत्येक तुकड्यापाशी भिंतीची फट ४ ते ६ मिलिमीटरच्या मध्ये राहिली आणि स्कर्टिंगखाली गेली.

भिंत याहून जास्त तिरकी असेल तर टेपच बाजूला ठेवायचा. शेवटच्या बसवलेल्या लादीवर एक सुटी लादी बरोबर कडेला कड लावून ठेवा. तिच्यावर तिसरी लादी ठेवून ती भिंतीला पूर्ण भिडवा. तिसरीच्या मागच्या कडेने मधल्या लादीवर रेघ मारा. मधल्या लादीचा जो भाग उघडा दिसतो तोच आपला तुकडा, भिंतीचा तिरकेपणा धरून. फटी तेवढ्या वजा करायच्या. यात आकडा कुठेच येत नाही, म्हणून आकडा वाचण्यातली चूकही येत नाही.

तर शेवटी काय झालं? त्या दुपारी मी सहा तुकडे कापले. प्रत्येकाआधी कटरची पट्टी पुसली, दोनदा मोजलं, एकदा रेघ मारली. सहावा तुकडा मोडताना माझे हात थरथरत होते हे कबूल करते. बाहेर धो धो पाऊस, लाइट येत-जात होती, आणि आई दारात उभी राहून मला बघत होती की काकांना, कोण जाणे. तुकडा सरळ मोडला. एका बाजूची लांबी आणि दुसऱ्या बाजूची, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

गणपती त्या हॉलमध्येच बसला. सगळ्या पाहुण्यांनी मखराचं कौतुक केलं, लादीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. काका म्हणतात, लादीचं काम असंच असावं.

मित्रांनो, उद्या आपल्यातले बरेच जण साइटवर उभे राहतील आणि काकांसारख्याच माणसांकडून काम करून घेतील. तेव्हा दोन गोष्टी करा. तुमच्या हातातलं उपकरण कितीही नवं असो, एकदा उलटं करून बघा. आणि कोणी कोरडी लादी कापताना दिसला तर आधी पाण्याची बादली मागवा, मग प्रोग्रेस विचारा.

त्या संध्याकाळी काकांनी वाकून सांध्यांवरून अंगठा फिरवला. सहाही तुकड्यांवरून. शाब्बास वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "बाय, गुण्या पुसून जागेवर ठेव."

यावेळी मी अंगणात गेले नाही.